चिकित्साताईचं पिस्तूल

चिकित्साताईला पावशेर भेंडी घ्यायला वीस मिनिटं लागायची. अंबरनाथच्या शिवमंदिराकडून स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या भाजीवाल्या तिला लांबूनच ओळखायच्या. ती आली की टोपली तिच्यापुढे सरकवून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या. ती एकेक भेंडी बोटांत धरून हलकेच वाकवून बघायची. टोक मोडायची नाही, कारण "मोडली की ती आपण घ्यायलाच हवी, नाहीतर तिचं नुकसान." दरासाठी मात्र एका शब्दाने घासाघीस करायची नाही. मी शेजारी पर्स सावरत उभी असायचे आणि मनात म्हणायचे, या बाईला एवढा वेळ येतो कुठून?

आधीच कबूल करते. मी या बाईवर फार माया केली, पण त्याहून जास्त तिचा हेवा केला. चार वर्षं केला.

अंबरनाथ पश्चिमेला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची नेमबाजीची रेंज होती. दहा मीटर लांब हॉल, पाच लेन, दोन खडखडणारे पंखे. चिकित्साताई बदलापूरला राहायची आणि एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नमुने तोलायचं काम करायची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिने पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्या पाच गोळ्या ती पंधरा वर्षं विसरली नव्हती. मुलगा पाचवीत गेला, जरा मोकळीक मिळाली, तशी ती आमच्याकडे दाखल झाली. पहिल्या दिवशी रेंजचं पिस्तूल हातात घेऊन तिने आमच्या प्रशिक्षक सरांना तासभर प्रश्न विचारले. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, चिकित्सा पुरे. आता एक छर्रा मारा की!" तिने मारला. नऊ गुण. आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय तोवर तिने पुढचा प्रश्न विचारला, "सर, हा दहा का नाही झाला?" त्या दिवसापासून तिचं नाव चिकित्साताई पडलं.

तिच्या आधी वर्षभर त्या रेंजवरची हुशार मुलगी मी होते. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं पिस्तूल असणारी. माझ्या बाबांनी मला नवंकोरं परदेशी एअर पिस्तूल घेऊन दिलं होतं. दुकानात आम्ही पाऊण तास होतो, त्यातला अर्धा तास चहात गेला. निळी नळी मला आवडली म्हणून ते घेतलं. ताईने ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा नळीकडे बघितलंही नाही. लाकडी मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "मानसी, ही मूठ तुझ्या हाताची नाही गं. मोठी आहे."

"मीडियम आहे ताई. सगळे मीडियमच घेतात."

"डोळे मिट. हात वर घे. आता उघड."

मी डोळे उघडले. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मागच्या खाचेच्या पार डावीकडे गेली होती. म्हणजे इतके महिने प्रत्येक वेळी मनगट वळवून मी ती मधे आणत होते आणि मला पत्ता नव्हता. ताईने माझी मूठ तीन संध्याकाळी बसून दुरुस्त केली. जास्तीचं लाकूड तासायची, पोकळ राहील तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरायची, सुकू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, परत डोळे मिटायला लावायची. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तर माशी खाचेत बरोबर मधोमध. त्या आठवड्यात माझे सहा गुण वाढले. मी तिला वडापाव खिलवला, आणि घरी जाताना माझ्या पोटात आग पडली होती. माझी वस्तू माझ्यापेक्षा तिला जास्त कळली, हे मला सहन होत नव्हतं.

तिला स्वतःला पिस्तूल हवं होतं. नवं परदेशी घ्यायची ऐपत नव्हती आणि ती ते सरळ सांगायची, त्यात तिला लाजबीज नसे. "माझं बजेट छोटं आहे, म्हणून मला चुकायची मुभा नाही," असं म्हणायची. मग तिचं शोधणं सुरू झालं. कोणी जुनं पिस्तूल विकतंय कळलं की रविवारी ती हजर. ठाण्याला जाऊन आली, पनवेलला जाऊन आली. एकदा एक गृहस्थ चकचकीत पिस्तूल अगदी स्वस्तात देत होते. सरसुद्धा म्हणाले, घेऊन टाका. ताईने हवेचं सिलिंडर काढून उलटं केलं आणि त्यावर कोरलेली तारीख वाचली. ते सिलिंडर दहा वर्षं चालतं, त्याची साडेनऊ झाली होती. तिने पिस्तूल पुसून परत दिलं आणि त्या गृहस्थांना "थँक यू" म्हणून आली. नवशिक्या मुली कंपन्यांची नावं घेऊन भांडायच्या तेव्हा ती म्हणायची, "आधी हात बघा, मग घोडा बघा, नाव सगळ्यात शेवटी."

तोपर्यंत ती रेंजचंच पिस्तूल वापरत होती. ते तिघीचौघींत फिरायचं. मूठ पुरुषी हाताची, घोडा झिजलेला, कधी हलका लागायचा कधी जड. त्या असल्या पिस्तुलाने ती माझ्यापेक्षा दोन-चार गुणच मागे असायची. सर तिच्या मागे उभे राहून बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. माझ्या मागे ते असे कधी उभे राहिले नव्हते.

एके शनिवारी सर बाहेरगावी होते, ताईला कंपनीत जादा पाळी होती. रेंजवर मी आणि दोन मुली. तेव्हा उल्हासनगरचे अंकल आले. पडद्याच्या कापडाचे सिंधी व्यापारी, पूर्वी आमच्याच रेंजवर खेळायचे. आता मोतीबिंदू आणि गुडघे, दोन्हींनी खेळ बंद झाला होता. मला म्हणाले, "बेटा, वो बदलापूरवाली दीदी पिस्टल ढूंढ रही है ना? मेरा लिव्हरवाला पडा है घर पे. बाजार में नहीं देना मेरे को, चलानेवाले हाथ में देना है. उनको बोलना, जो बनेगा दे दे."

"हो अंकल, सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही.

विसरले असते तर गोष्ट वेगळी होती. मला ते रोज आठवायचं. अंकलचं पिस्तूल मी पाहिलं होतं. जुन्या धाटणीचं, दर छऱ्याला बाजूचा दांडा ओढून हवा भरावी लागते असं. सिलिंडर नाही, म्हणजे तारखेची भानगड नाही. मूठ लहान, कारण अंकल स्वतः लहान चणीचे. ताईच्या हातासाठीच केल्यासारखं. एवढंच काय, पुढच्या आठवड्यात तिने मला आपणहून विचारलं, "मानसी, लिव्हरवाली जुनी पिस्तुलं कशी गं असतात?"

मी छऱ्यांची डबी उघडत म्हणाले, "आता कोण वापरतं ताई? साठ शॉटला साठ वेळा दांडा ओढायचा. हात भरून येतो."

"असं?" ती म्हणाली, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ज्या बाईने भेंडीवरसुद्धा कधी विश्वास ठेवला नाही, तिने.

दोन महिन्यांनी जिल्ह्याची स्पर्धा झाली. त्यातून राज्य स्पर्धेला जाता येणार होतं. चाळीस शॉटपर्यंत ताई माझ्या बरोबरीने होती. मग त्या झिजलेल्या घोड्याने दगा दिला. हात पुरता वर यायच्या आत शॉट सुटला, सहावर लागला. ती दोन गुणांनी राहिली. माझी निवड झाली. निकालाच्या कागदापुढे उभी राहून तिने स्वतःचं नाव शोधलं, मग माझं शोधलं, आणि मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी तिला म्हणाले की उल्हासनगरला एका अंकलकडे पिस्तूल आहे म्हणे. आत्ताच कळल्यासारखं म्हणाले. "तूही चल, चार डोळ्यांनी बघू," ती म्हणाली. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. लोकलने उल्हासनगरला उतरून आम्ही रिक्षा केली.

अंकलच्या दुकानामागे लांबट गोदाम होतं. दोन्ही बाजूंना कापडाचे तागे आणि टोकाला छर्रे अडवणारी लोखंडी पेटी. अंकलनी मखमलीच्या पिशवीतून पिस्तूल काढलं आणि सहज, काहीच मनात नसताना, म्हणाले, "अरे दीदी, कितना टाइम लगा दिया! मैंने तो दिवाली से पहले इसको बोला था."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताग्यांकडे बघत होते. मग तिने पिस्तूल हातात घेतलं, डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. माशी खाचेत बरोबर मधोमध आली होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण एवढ्यावर घेईल तर ती ताई कसली? दांडा ओढून हवा भरून ठेवली, दहा मिनिटं वाट पाहिली आणि मग शॉट मारला, हवा गळते का ते बघायला. घोडा कितीदा तरी रिकामा ओढला. मग मांडीवर उशी घेऊन, हात टेकून पाच छर्रे मारले. कागदावर एकच भोक पडलं, किंचित लांबट. दोन तास गेले. अंकल तीनदा चहा घेऊन आले. माझा चहा तिन्ही वेळा गार झाला.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "ताई, मी..."

"आज नको," ती म्हणाली. पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. "मला राग आलाय, मानसी. खूप आलाय. पण आजचा दिवस या पिस्तुलाचा आहे, तो मी तुझ्यावर घालवणार नाही. उद्या बोलू."

आणि ती खरंच उद्या बोलली. रेंजच्या जिन्यात मला बसवलं, स्वतः उभी राहिली.

"मी तुला हरवेन असं वाटलं तुला?"

"हो."

"मग लेनमध्ये उभी राहून लढायचं होतंस ना. मला हरवलं असतंस तर मी पेढे वाटले असते. तू मला उभंच राहू दिलं नाहीस." तिचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "तुला अजून पंधरा वर्षं आहेत गं. मला किती आहेत? कंपनी, घर, पोराची शाळा सांभाळून एकेक वर्ष मी ओढून आणते. त्यातलं एक तू नेलंस."

मी रडले. तिने मला गप्प केलं नाही. वर निघून गेली आणि साठ शॉट मारले, साठ वेळा दांडा ओढून.

तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. राज्य स्पर्धेला मी एकटी गेले आणि वाईट खेळले. परत आल्यावर एका संध्याकाळी ती माझ्या मागे येऊन थांबली. म्हणाली, "अंगठा दाबतेयस परत. सैल सोड." बस्स. त्यापुढे तो विषय तिने कधी काढला नाही. मला क्षमा केली की नाही, हेही कधी सांगितलं नाही.

यानंतर मी सुधारले असं लिहायला मला आवडलं असतं. पण पुढच्या वर्षी त्या जुन्या लिव्हरवाल्या पिस्तुलाने ती राज्याला गेली, माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त मिळवून, आणि बाकावर बसून टाळ्या वाजवताना माझ्या पोटात तीच आग होती. त्याच्या पुढच्या वर्षीही होती. फरक एवढाच पडला की मी काही लपवलं नाही. चांगले छर्रे कुठे आले, कोणती स्पर्धा कधी आहे, जे कळेल ते आधी तिला फोन करून सांगायचे. दात-ओठ खाऊन सांगायचे, पण सांगायचे. आणि रोज तिच्या शेजारची लेन घ्यायचे. तिच्याकडे बघत नाही असं दाखवत तिचा प्रत्येक शॉट मोजायचे. माझे गुण वाढत गेले ते त्या शेजाराने.

मग तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिला सगळं बिऱ्हाड घेऊन दापोलीकडच्या गावी जावं लागलं. नोकरी सोडली. तिथून सगळ्यात जवळची रेंज काही तासांवर. जायच्या आदल्या रविवारी ती रेंजवर आली, साठ शॉट मारले, टार्गेटचे कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवले. सरांच्या पाया पडली. मला म्हणाली, "येते गं," आणि जिना उतरून गेली. ती मला मिठी मारेल असं वाटलं होतं. नाही मारली.

या वर्षी जिल्हा स्पर्धेत मी पहिली आले. निकालाच्या कागदावर माझ्या वर कोणाचंच नाव नव्हतं. मुली अभिनंदन करत होत्या, बाबा फोटो काढत होते, आणि माझे डोळे अजून कागदाच्या वरच्या कडेशी काहीतरी शोधत होते. मी बाहेर येऊन तिला फोन लावला.

"किती?" तिने विचारलं.

"पाचशे एकसष्ट."

पलीकडे शांतता. सासऱ्यांना कोणीतरी पेज भरवत असावं, चमच्याचा आवाज येत होता. ही शांतता मी कधीपासून मागत होते. तिने एकदा तरी माझा आकडा ऐकून गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं.

"मानसी," ती म्हणाली, "खरं सांगू? मला हेवा वाटला गं तुझा. आत्ता, ऐकल्याऐकल्या."

किती सहज म्हणाली. जे चार वर्षांत माझ्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं, ते तिने पेजेच्या वाटीशेजारी उभं राहून सांगून टाकलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेरच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "ताई, तू ये ना परत."

"बघते," ती म्हणाली. "आता शेवटचे दहा शॉट सांग. एकेक करून सांग. घाई करू नकोस."

मी सांगत राहिले.