परग्रहावरची राजकन्या आणि नवा आंबा

चंद्रपूरच्या एका मोठ्या दुकानात मी फळांच्या काउंटरवर होते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक जपानी कार्टून बघायची. जेमतेम तीन मिनिटांचा भाग. परग्रहावरची राजकन्या दुकानात नोकरी करते आणि तिच्या रीती बघून सगळे हसतात. मीही हसायची.

मग दुकानात पहिला आंबा आला. मॅनेजर म्हणाले, "फोडी कर. आधी तू खा, मग गिऱ्हाइकाले दे."

आमच्या एटापल्लीकडच्या गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण होतो. नवा आंबा आधी देवाला जातो, तोवर कोणी तोंडात घालत नाही. मी म्हटलं, "फोडी करतो, पण खाणार नाई."

"इथी कोण पाहून राह्यलं तुले?"

"मी पाहून राह्यली ना!"

"कोणत्या ग्रहावरून आली वं तू?" सगळे काउंटर हसले.

डोकं सणकलं माझं. गिऱ्हाईक विचारायचं, गोड आहे का? मी सांगायची, "मले माहीत नाई, तुम्हीच खाऊन सांगा." संध्याकाळपर्यंत पेट्या रिकाम्या झाल्या. घरी तो कार्टूनचा भाग लावला, तर हसूच येईना. राजकन्या माझ्याच तालुक्याची वाटली.

पंडुमासाठी भांडून सुट्टी घेतली. देवाला आंबा गेला. परतताना गावचा कच्चा आंबा आणला आणि मॅनेजरांच्या टेबलावर कापला. पहिली फोड मी खाल्ली. दात आंबले, पण तोंड वाकडं केलं नाही. मग बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्हीच म्हटलं होतं ना सर, आधी तू खा."