वाघमारे बाईंचा स्पीकर

वाघमारे बाईंच्या घरी गेलं की पाण्याच्या तांब्याआधी खुर्ची ठरायची. "तिथं नगा बसू गुरुजी, हितं खिडकीपाशी बसा," असं म्हणून त्या आलेल्याला उजेडात बसवत आणि स्वतः समोर भिंतीला टेकून बसत. पालमला मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, खिडकीची हवा पाहुण्याला, हा आपला मान आहे. बरेच दिवस मी त्या मानात मिरवलो. मग एका संध्याकाळी बोलता बोलता वीज गेली. मी आपला अंधारातच पुढे बोलत राहिलो, तर बाई म्हणाल्या, "थांबा गुरुजी, कंदील येऊ द्या, मग बोला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंचे कान कमी झाले होते आणि त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचत होत्या.

शाळेत आम्ही दोघं एकत्र होतो. त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. त्यांच्या वर्गात पुटपुटायची सोय नव्हती. "शब्द गिळू नको रे, पोटात जाऊन काय उगवणार हाय?" हे वाक्य पालमच्या निम्म्या पोरांनी खाल्लेलं आहे. मोठ्यांनाही सुटका नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब खर्जात काहीतरी विचारत होते. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी मिशीत बोलायलात. जरा बाहेर बोला." आम्ही सगळे खाली बघत राहिलो. साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मिशी कातरलेली होती. ती बाईंमुळे की घरच्या बाईंमुळे, ते कळायला मार्ग नाही.

लोक त्यांना ताठ म्हणत. होत्याच ताठ, आणि मला त्याचं कौतुक होतं. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ही, मग वाकायचं कुणापुढे? विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ पेटली तेव्हा सरकारी नोकरीतली माणसं आडोशाला उभी राहिली. बाई दिवाळीच्या सुट्टीत सत्याग्रहाला गेल्या, तुरुंगात राहिल्या आणि शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या तासाला हजर. सुट्टी कशी गेली असं मी विचारलं. "सत्कारणी लागली," म्हणाल्या, आणि खडू घेऊन वर्गावर गेल्या.

इथे माझं थोडं सांगायला हवं. मी पिंगळीचा, शेतकरी मराठा घरातला. आमच्या घरी नामांतर हा शब्द निघाला की भाऊ भरल्या ताटावरून उठायचा. मी बाईंच्या घरी जेवतो हेही तिकडे पोचलेलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी एका शब्दानं मला कधी त्यावरून टोचलं नाही.

विद्यापीठाला बाबांचं नाव द्यायचा ठराव झाला, ती बातमी बाईंनी रेडिओला कान लावून स्वतः ऐकली होती. त्यानंतर गावोगाव काय जळालं ते सगळ्यांना माहीत आहे. बाईंच्या भावाचं घरही त्यात गेलं. ठराव कागदावर राहिला आणि पुढची सगळी वर्षं अफवांची आली. एका साली कुणीतरी बसमधून उतरून सांगितलं, झालं, नाव दिलं! वस्तीनं हलवायाकडून पेढे आणले, हलगी वाजली, बाईंनी शाळेत येऊन आम्हा सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं, काही झालेलं नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी बारीक हसलं. बाईंना ते ऐकू गेलं नाही, पण दिसलं. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आता कुणाच्या सांगण्यावर मी तोंड गोड करायची न्हाई गुरुजी. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी माझ्या कानानं ऐकीन. तवाच खरं."

आणि कान तर दिवसेंदिवस जात होते. बाईंना त्याची खरी धास्ती वाटायची. निवृत्त झाल्यावर डॉक्टरनं खिशातलं एक यंत्र दिलं, त्याची वायर कानात घालायची. बाईंनी ते आठवडाभर वापरलं आणि डब्यात ठेवून दिलं. "भांड्यांचा आवाज मोठा झाला, एसटीचा मोठा झाला. माणसांचा व्हता तेवढाच हाय," असा त्यांचा निकाल होता.

मग घरात टीव्ही आला. बातम्या देणारीचं तोंड दिसे तोवर बरं चाले. पण मध्येच पुराची नाहीतर मंत्र्याच्या दौऱ्याची चित्रं सुरू झाली आणि आवाज नुसता मागून येऊ लागला की बाईंचा धागा तुटायचा. त्यांचा मुलगा मिलिंद एसटीत कंडक्टर होता. पोरगा मायेवर जीव टाकणारा. त्यानं नांदेडहून एक मोठा थोरला बॉक्स आणला. जयंतीच्या मिरवणुकीत गाण्यांना लावतात तसा. बॉक्स बघायला अख्खी वस्ती लोटली. बातम्या लागल्या आणि परातीतले शेंगदाणे नाचायला लागले.

"मिलिंद, हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"बातम्या हायत माय!"

"बातम्या न्हाईत रे ह्या. कुणाच्या तरी पोटात गुडगुडायलंय."

सगळे हसले, मिलिंदचं तोंड मात्र उतरलं. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जयंतीला लय कामाचा हाय हा. माझ्यासाठी मी बघते," म्हणाल्या. आणि रविवारी मला घेऊन त्या परभणीला निघाल्या.

स्टेशनच्या रस्त्यावर रहीमभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही टीव्हीला लावायचा स्पीकर पाहिजे म्हणताच रहीमभाईंनी कॅसेट चढवली आणि आवाज सोडला. समोरच्या काचा थरथरल्या.

"देखो बाई, क्या दम है! काच हादरतेय."

"मला काचा हादरवायच्या न्हाईत भाई. गाणं बंद करा. कोण तरी बोलणारा माणूस लावा."

असं गिऱ्हाईक रहीमभाईंनी पाहिलेलं नव्हतं. रेडिओवर कापसावर कुणाचं तरी भाषण चाललं होतं, ते त्यांनी अँप्लिफायरला जोडलं. बाईंनी स्टूल फिरवून दुकानाकडे पाठ केली आणि डोळे मिटले. रहीमभाईंनी मला हळूच विचारलं, बाईंना चक्कर आली का? मी म्हटलं, नाही, त्या परीक्षा घेताहेत. एक स्पीकर वाजायचा, थांबायचा, आणि काय ऐकलं ते बाई आमच्याकडे न बघता सांगायच्या. पहिल्या मोठ्या स्पीकरला म्हणाल्या, "कापसाचं कायतरी हाय. बाकी सगळं गाळात." दुसऱ्याला म्हणाल्या, "गाळ जरा कमी हाय, एवढंच." दोन्ही नापास.

मग त्यांनी स्टूल पुन्हा फिरवलं. "भाई, एक सांगा मला. सभेत मी पार मागं उभी असते. तरी भोंग्यातलं भाषण मला कळतंय. घरात जवळ बसलेल्याचं कळत न्हाई. असं का?"

रहीमभाई उठले. आत गेले आणि लग्नकार्यात भाड्यानं द्यायचा भोंगा घेऊन आले. जोडला, आणि कापसाचा तो तज्ज्ञ भर बाजारात कडाडला. रिक्षावाले थांबले, भाजीवाल्या उठून आल्या, कसली दवंडी आहे म्हणून दारात गर्दी जमली. बाईंना शब्दन् शब्द कळला होता. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "शब्द आले भाई, पण त्यांच्यामागं अख्खी परभणी बी आली!"

पण त्या भोंग्यानं रहीमभाईंना वाट सापडली. ते म्हणाले, "भोंग्यात जाडा आवाज येतच नाही बाई. बारीक तेवढा बाहेर येतो. तुमचा जाड्या आवाजाशी झगडा आहे. तोच बाकीचं खाऊन टाकतो." त्यांनी एका जुन्या रेडिओतला तळहाताएवढा स्पीकर काढला, लाकडाच्या छोट्या खोक्यात बसवला, अँप्लिफायरचं जाड्या आवाजाचं बटण पार खाली नेलं आणि बारीक आवाजाचं वर चढवलं. मला तो आवाज अगदी टिनपाट वाटला. बाईंची पाठ मात्र ताठ झाली. त्या एका दमात म्हणाल्या, "फवारणी सकाळच्या पारी करावी. वाऱ्याकडं तोंड करू नये. नाकातोंडाला फडकं बांधावं." रहीमभाईंनी टाळी वाजवली. मला तर शंभर टक्के निकाल लागल्यासारखं वाटलं.

तरी घरी येऊन पुन्हा घोळ झालाच. मिलिंदनं हौसेनं तो खोका टीव्हीच्या डोक्यावर ठेवला, त्यावर विणलेला रुमाल घातला, आणि शब्द परत गढूळ झाले. बाई चिडल्या. मग रुमाल फेकला, खोका उचलला, आणि लांब वायर लावून आपल्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, कानाच्या उंचीला ठेवला. "बोलायचं तर माणसाच्या कानाशी बोलावं," म्हणाल्या, "भिंतीशी बोलून काय उपेग?" त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी डोळे मिटून बातम्या ऐकू लागल्या. ओठ बघायचे नाहीत, असा नेमच केला. वर बातम्या देणारीच्या चुका काढायच्या. "या पोरीला वाक्याच्या शेवटी दम पुरत न्हाई," असं त्या माझ्याजवळ कितीदा तरी म्हणाल्या असतील.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पालममधल्या पुष्कळांना त्या तुरुंगात गेलेल्या बाई म्हणून आठवतात, काहींना छडी न घेता धाक घालणाऱ्या म्हणून. मला आधी आठवतो तो चौऱ्याण्णवच्या संक्रांतीचा दिवस.

दुपारपासून गावात कुजबुज सुरू झाली होती. कुणाला फोन आला होता, कुणी परभणीहून ऐकून आलं होतं. तिळगूळ घेऊन बायका बाईंच्या घरी येऊ लागल्या, आणि प्रत्येकीच्या ओठांवर बातमी. बाईंनी ते पहिल्या चेहऱ्यावरच ओळखलं. आयुष्यात कुणापुढे डोक्यावरून पदर न घेतलेल्या बाईंनी पदर डोळ्यांच्या खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मला कुणी काय सांगायचं न्हाई. सातला मी ऐकीन."

"बाई, पण या टायमाला खरं हाय..."

"तुझं बोलणं मला ऐकू येत न्हाई, आन् तोंड मी बघणार न्हाई. तिळगूळ दे अन् बस."

तिळगूळ त्यांनी हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. दुपारभर तो मुठीतच होता. मी गेलो तेव्हा हात पुढे करून मला चाचपलं, ओळखलं, आणि शेजारी बसवून घेतलं. खोका जागेवर आहे का, ते त्या पुन्हा पुन्हा चाचपून बघत होत्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेवढंच. काय होईल त्याची भीती होती, आणि कान ऐनवेळी दगा देतील याचीही.

सात वाजता खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात, ओट्यावर, खिडकीच्या गजांना माणसं. मिलिंदनं टीव्ही लावला. बाईंनी तळहात वर केला आणि सगळी खोली गप्प झाली. डोळे मिटलेले, मान खोक्याकडे किंचित कललेली. बातमी सुरू झाली. पहिल्या वाक्यालाच बाहेर आरोळी उठली, हलगी कडाडली, मिलिंद ओरडला, "माय, नामांतर झालं!"

"गप बसा! पुढचं ऐकू द्या!"

तो आवाज शाळेतला होता. हलगीसुद्धा थांबली. बाईंनी ती बातमी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली आणि मगच डोळे उघडले.

"नामविस्तार म्हणले ते," त्या सावकाश म्हणाल्या. "जुनं नाव बी ठेवलंय, आन् बाबांचं बी दिलंय."

खोलीत चुळबुळ झाली. दारातून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे अर्धंच का मग बाई?"

"अर्धं का पुरं, ते उद्या भांडू. भांडायचं कुठं इसरलोत आपण?" आणि मग त्या मिलिंदकडे वळल्या. "पण बाबांचं नाव मी माझ्या कानानं ऐकलं रे. मिलिंद, मी ऐकलं. सगळं ऐकलं."

मुठीतला तिळगूळ त्यांनी तोंडात टाकला. डोळे पुसले, पदर खांद्यावर नीट घेतला, आणि खोलीभर बघून म्हणाल्या, "दुपारपासून सांगायला आलतात ना सगळे? आता सांगा. एकेकानं म्होरं येऊन सांगा. आता मला सगळ्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मग रांगच लागली. म्हाताऱ्या आल्या, पोरीबाळी आल्या. बाईंचे हात हातात घेऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन प्रत्येकानं तेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी बाईंनी ते नव्यानं ऐकलं. माझी पाळी आली. मनात पिंगळीचं घर होतं, ताटावरून उठणारा भाऊ होता, आणि ज्या बाईंशेजारी मी इतकी वर्षं राहिलो त्यांचा अभिमानही. मी वाकून म्हणालो, "बाई, विद्यापीठाला बाबांचं नाव मिळालं."

बाईंनी माझे ओठ वाचले. मग हसल्या.

"मोठ्यानं, गुरुजी," म्हणाल्या. "पिंगळीपस्तोर जाऊ द्या."

मी सरळ उभा राहिलो आणि छाती भरून पुन्हा सांगितलं.