दौतीवरचा हात

कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत अकोल्याच्या कचेरीत साहेबाला घड्याळ जास्त दिसे, आरोपी कमी. माझ्या शेजारी बसणारे वऱ्हाडी कारकून दिवसभर सुपारी कातरत आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसत. मात्र आरोपीने जबाबाखाली सहीऐवजी नांगराची निशाणी काढायची वेळ आली, की ते दौतीवर तळहात ठेवत आणि आख्खा जबाब त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवत. कायदा तसाच होता. पाळणारे मात्र ते एकटेच होते.

एकदा अकोटचा एक गाडीवान कापूसचोरीच्या आरोपाखाली उभा होता. मी पुण्याकडचा, त्याची झरझर बोली मला कळेना, म्हणून जमादाराने समजावला तसा जबाब मी कागदावर उतरवला होता.

कारकुनांनी वाचलं, "सेठजीच्या कापसाची गाठ फोडून तू माल काढला, असं यात लिवलं हाये. हे तूच म्हनलं का?"

"नाई जी! रस्त्यात सांडलेला येचला, म्हनलो. मी कायले चोरू?"

जमादार खेकसला, "काहून येळ घालवून राह्यले, बुवा? साहेब खोळंबले!"

"खोळंबू द्या," कारकून मान वर न करता म्हणाले. "तुरुंगात साहेब नाई, हा जाऊन राह्यला."

हात दौतीवरून हलला नाही. शेवटी साहेबांनी चरफडत नवा जबाब घ्यायला सांगितलं.

कारकुनांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "आता जमादाराले नका इचारू. याले इचारा."