साडेदहा तास लेट

आमच्या शेजारच्या मामांच्या ओसरीवर बसल्याशिवाय उदगीरचा माणूस परदेशी जाऊच शकत नाही, आणि कोणी गेलाच असेल तर त्याला तिथल्या विमानतळावरूनच परत धाडलं असणार, अशी खुद्द मामांची खात्री आहे. ते स्वतः हैदराबादच्या पलीकडं गेलेले नाहीत. उभी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. गाडी कुठली, फलाट कुठला, किती लेट, हे भोंग्यावर सांगता सांगता त्यांना सगळं जगच एक मोठं स्टँड वाटायला लागलं. देशांची नावं ते घेत नाहीत, आपल्या घड्याळाच्या किती मागं तेवढं सांगतात. दुबई म्हणजे "दीड तास लेट", जर्मनी "साडेचार तास लेट". देवणीचा एक इंजिनिअर जपानला निघाला तेव्हा मात्र मामा गंभीर झाले. म्हणाले, "साडेतीन तास टायमाच्या आधी पळणारा देश हाय त्यो. आपल्याला न्हाई झेपायचा. घरी इचारून ये."

त्यांची तपासणी विमानतळापेक्षा कडक. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपत असली की, "ही वही हाय, पासपोर्ट न्हाई." फोटोला मागं पांढरं पाहिजे म्हणून भिंतीला त्यांचं धोतर कायमचं ठोकलेलं. बॅगा मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर, तुरीच्या पोत्यांच्या रांगेत मोजायच्या. विमानात हातात पातळ पदार्थ चालत नाही, हे कळल्यावर पातळ कशाला म्हणायचं याचाही निकाल त्यांनीच लावला. अहमदपूरच्या एका बाईंची ठेच्याची बरणी झाकण काढून स्वतःच्या टकलावर पाच मिनिटं उपडी धरली आणि कपाळावरचा ओघळ पुसत सांगितलं, "तेल पातळ, ठेचा घट्ट. तेल हितं ठेवा, ठेचा न्या."

शेवटी व्हिसाच्या मुलाखतीची तालीम. मामा गळ्यात टॉवेल टाकून साहेब व्हायचे. "इचारलं तेवढंच सांगायचं. आन् आपण माघारी येणार, हे पटवायचं. परतीची फेरी लागलेली नसली तर गाडी कोण सोडतंय?"

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं बाळंतपण आलं. लेक साडेदहा तास लेट देशात. मामा-मामींचा फॉर्म मी भरला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, त्यामुळं त्यात एकाही स्पेलिंगची चूक नव्हती, हे आजही छातीठोक सांगतो. चूक झाली ती मराठीत.

आता आमच्याकडं 'जाऊन राहिलो' म्हणजे 'जातोय', एवढंच. पण हैदराबादला व्हिसाच्या खिडकीपाशी दुभाषी म्हणून उभी होती ती पुण्याकडची पोरगी. आत काय झालं ते बाहेर आल्यावर मामींनी सांगितलं.

"कशाला जाताय?"

"लेकीच्या बाळंतपणाला जाऊन राहिलो."

"बरं. राहणार. आणि तीन महिन्यांनंतर?"

"नंतर काय, परत येऊन राहिलो की."

पोरीनं साहेबाला सांगितलं, हे जाऊन राहणार, आणि नंतर पुन्हा येऊन राहणार. साहेबानं विचारलं, म्हणजे याआधीही तिथं राहिलात? मामा म्हणाले, "न्हाई वो, पयल्यांदाच जाऊन राहिलो." आणि मग विचारलं तेवढंच सांगायचं हा स्वतःचाच नियम मोडून 'राहिलो, राहिलो' असं अकरा वेळा समजावून सांगितलं. मामींना जन्मात कधी मामांनी मधे बोलू दिलेलं नव्हतं. त्यांना विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जाईन अन् येईन." व्हिसा मामींना मिळाला.

मी म्हणालो, पुन्हा अर्ज करू, पण बाळ काही थांबणारं नव्हतं. मामींची बॅग मामांनी तीनदा काट्यावर घातली. तेवीस किलोची मर्यादा भरली तरी बाळासाठी शिवलेली गोधडी बाहेर राहत होती. तेव्हा त्यांनी बॅगेतलं मामींचं जाड पांघरूण काढलं आणि गोधडी आत घातली. "तुला तिथं देतील कोणी," म्हणाले.

नातू झाला. रोज सकाळी सातला मामा ओसरीवर फोन उभा करून बसतात. तिकडं आदला दिवसच चाललेला असतो, म्हणून मामा खूश. "आपल्या नातवाचा कालचा दिवस आपल्याला आज बघाया मिळून राहिला." हल्ली ते माझ्याकडं 'जाणार आहे, येणार आहे' घोकतात. पुढच्या अर्जाची तयारी. तोंडात बसत नाही अजून.

परवा मी तिथंच होतो. पडद्यावरून मामींनी विचारलं, "जेवणाचं काय? एकटे काय करून राहिलात तिथं?"

मामांची नजर धोतर ठोकलेल्या भिंतीकडं गेली.

"मी का? मी राहून राहिलो."