जाहीर नोटिसा वाचणाऱ्या मावशी

करोनाच्या दिवसांत मी इथे परदेशात नावन गावाहून ब्लँचर्डस्टाउनला, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला जायचे. बसमध्ये एक मराठी मावशी भेटायच्या. नाव कधी विचारलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाशी धरून त्या गावाकडच्या पेपरातल्या फक्त जाहीर नोटिसा वाचायच्या.

“बातम्या नाही वाचत?” मी एकदा विचारलं.

“बातमी सगळं झाल्यावर येते गं. नोटीस आधी येते. माझा प्लॉट गेला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.”

माझी शाळा नववीत सुटली, असली वकिली भाषा मला जड जाते. पण वडिलांनी माझ्या नावावर घेतलेल्या प्लॉटची काळजी कायम. खरेदीखत चोरीला जाईल म्हणून ते मी इथे आणून स्वयंपाकघरातल्या कपाटात, डब्यांमागे ठेवलं होतं. हे ऐकल्यावर मावशी माझा गट नंबर लिहून घेऊन माझाही तालुका वाचायला लागल्या.

एका सकाळी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “हा गट नंबर तुझाच ना?”

माझ्या नावाने कुणीतरी बाई प्लॉट विकत होती. मूळ खरेदीखत हरवलंय, कुणाची हरकत असेल तर कळवा, असं वकिलाने छापलं होतं. मी बसमध्येच रडायला लागले.

“रडतेस काय? कागद तुझ्याकडे आहे. फोटो काढून गावाकडच्या भावाला पाठव.”

भावाने हरकत घेतली आणि व्यवहार थांबला. हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “ग्रँड, छान झालं. आता झोप जरा. डोळे बघ कसे झालेत.”

मी खरंच झोपले. ब्लँचर्डस्टाउन आलं तेव्हा त्यांनीच मला हलवून उठवलं.