न मोजलेले श्वास

वॉर्डात श्वास कोणी मोजत नसे. ताप, नाडी, रक्तदाब यांना यंत्रं होती. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनही कळायचा. श्वासासाठी मात्र घड्याळ हातात धरून, पेशंटच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. अठ्ठावीस पेशंट आणि दोन सिस्टर. ते मिनिट आणायचं कुठून? म्हणून आम्ही चार्टवर सरसकट अठरा लिहायचो, नॉर्मल माणसाचा आकडा. फारच लाज वाटली तर एखाद्याला वीस.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला वॉर्डाची भीतीच बसली होती. सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावायचे आणि सीटवर तशीच बसून राहायचे. आज आपल्या हातून काहीतरी चुकणार, आजच चुकणार, हे एवढंच डोक्यात फिरायचं. नवरा एकदा सोडायला आला होता. मी मागच्या सीटवरून उतरेचना.

"बसून काहून राहिली वं? उशीर होऊन राहिला ना तुले."

"टोपीच्या पिना नीट करते," मी म्हटलं. नर्सच्या टोप्या बंद होऊन आठ वर्षं झाली होती. त्याला कुठे ठाऊक!

आणि मग ते झालंच. दुपारची ड्यूटी होती. बारा नंबरच्या कॉटवर महाल भागातले एक काका होते, बांगड्यांचं दुकान असलेले, निमोनियाचे. चार वाजता मी त्यांचा ताप घेतला, बीपी घेतलं, श्वास अठरा लिहिला आणि तेराकडे वळले. काका उशीला टेकून बसले होते, बोलत नव्हते. मला वाटलं, झोप येत असेल. साडेपाचला काकू कॉरिडॉरमध्ये धावत आल्या. काकांचे ओठ निळे पडले होते. त्यांना आयसीयूत हलवलं. डॉक्टरांनी माझा चार्ट उलटून पाहिला आणि म्हणाले, "चारला तर नॉर्मल होते. अचानक बिघडलं."

मी चार्ट त्यांच्या हातून घेतला आणि तसाच फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं कळवलं आणि त्या वॉर्डात पुन्हा पाऊल टाकलं नाही. राजीनामाही नवऱ्याच्याच हातून पाठवला. काकांचं पुढं काय झालं, हे एका फोनवर कळलं असतं. पण सोबतच्या सिस्टरचे फोन मी उचलतच नव्हते. न विचारलेलं बरं, असं स्वतःला सांगायचे आणि डोळे मिटले की ते टेकून बसलेले काका दिसायचे. ते जगले की गेले, आणि गेले असतील तर माझ्या त्या एका आकड्यानं गेले का? घरच्यांना वाटलं, बाई दमली. दमले होतेच. पण दमलेलं माणूस झोपतं तरी.

वॉर्ड सोडून नर्सला काय काय करता येतं, हे सगळे मला पढवू लागले. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात फर्स्ट एडच्या खोलीत जागा होती. मुलाखत घेणारे साहेब फार गोड माणूस. म्हणाले, "काम काहीच नाही मॅडम, पूर्ण शिफ्टमध्ये तुम्ही एकट्याच." एकटी म्हटल्यावर मी पाण्याचा ग्लासही न संपवता उठले. मग फोनवरून सल्ला देणाऱ्या एका कंपनीत दोन दिवस ट्रेनिंग केलं. समोरचा माणूस दिसणारच नाही, नुसता आवाज. तिसऱ्या दिवशी गेले नाही.

शेवटी बेसाकडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. तिथे कॉटवर रबराचा पुतळा होता. तो श्वास घेत नसे, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. मी पोरींना पुतळ्यावर सुई धरायला शिकवायचे, चादरीचे कोपरे दुमडायला शिकवायचे, आणि चार महिने चांगली झोपले.

मग प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं की सोमवारपासून माझी बॅच प्रॅक्टिकलला जाणार. हॉस्पिटलचं नाव मी त्यांना पुन्हा विचारलं. तेच हॉस्पिटल. वॉर्डही तोच.

सोमवारी सहा पोरी घेऊन मी त्या दारातून आत गेले. बारा नंबरच्या कॉटवर एक तरुण मुलगा मोबाइल बघत पडला होता. मी तिकडे बघायचं टाळलं. माझ्या हाताखाली तयार झालेली सिस्टर आता वॉर्डाची इन्चार्ज होती. "ताई, किती दिवसांनी!" म्हणत तिनं माझे हात धरले.

तासाभरानं गोंदियाकडची एक पोर चार्ट घेऊन आली. अक्षर मोत्यासारखं. पाचही पेशंटचे श्वास अठरा.

"मोजले?"

ती खाली बघू लागली. "सिस्टर म्हणाल्या, कोणी मोजत नाही. अठरा लिहून टाक म्हणे."

औषधांच्या ट्रॉलीपाशी इन्चार्ज हसली. "तुम्हीच तर शिकवलं होतं मले ताई, पहिल्या दिवशी. विसरल्या का?"

विसरले होते. खरंच विसरले होते. सहाही पोरी माझ्याकडे बघत होत्या. हसण्यावारी नेता आलं असतं. पण ही पोर दोन वर्षांनी अशाच कुणा काकांपुढे उभी राहणार होती, हातात पेन घेऊन. त्याचीही भीती वाटली, आणि ती भीती जास्त होती.

मी त्यांना सांगितलं. चार वाजले होते, मी मोजलं नाही, दीड तासात माणूस आयसीयूत गेला. इन्चार्जसमोर सांगितलं.

"मग त्या काकांचं काय झालं मॅडम?" त्याच पोरीनं विचारलं.

"माहीत नाही. मी विचारलंच नाही."

ट्रॉलीवरचं इन्चार्जचं काम थांबलं होतं. ती आता हसत नव्हती. "मले माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "तिसऱ्या दिवशी गेले ते. काकू नंतर आल्या होत्या ना ताई, तुमची चौकशी करत. त्या सिस्टरले माझा नमस्कार सांगा म्हणे. चार वाजेपर्यंत माझा माणूस चांगला होता, त्यायले काही त्रास नव्हता, कागदावर लिहून आहे म्हणे. तेवढंच समाधान आहे मले, असं म्हणून रडल्या."

पोरी घड्याळं घेऊन एकेका कॉटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी कॉरिडॉरच्या बाकावर बसले. दुकान महालात कुठे आहे, हे मला ठाऊक आहे. काकूंना खरं सांगावं, तर त्यांच्याजवळचं तेवढंही मी काढून घेणार. न सांगावं, तर माझ्या खोट्याला रोज त्यांचा नमस्कार पोचणार. अजून मी गेलेले नाही. महालात काही काम निघालं की मी नवऱ्याला पाठवते.