रागाचं औषध

कोल्हापूरच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा अब्बा खिडकीची दांडी धरून थोडं अंतर बरोबर चालले. "जा की आता. हितं मागं काय ऱ्हायलं न्हाय," एवढंच म्हणाले. हलिमा, तू त्यांच्या मागं उभी राहून रडत होतीस. मी ते बघत होते, पण कुणा परक्याच्या घरचं बघावं तसं.

प्लेगच्या भीतीनं मंगळवार पेठेतलं घर सोडून आपण गावाबाहेर शेतात झोपड्या घातल्या होत्या. त्यातल्याच एका झोपडीत तापानं माझा युसूफ गेला. पाच वर्षांचा. मग तुझ्या दाजींनी सिंगापूरला चुलतभावाच्या शिंपीकामाच्या दुकानात जायचं ठरवलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बोटीत चढले.

दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. खाली हे गोऱ्या साहेबांचे कोट शिवायचे, मी काजं करायची, इस्त्री फिरवायची. दुकानाला केडाई म्हणायचं, भाताला नासी, हे मलायू शब्द मी पटकन उचलले. जेवायची, झोपायची, कुणी विचारलं तर उत्तर द्यायची. आळणी काय नि खारट काय, जिभेला कळत नव्हतं. "रड की एकदा," हे म्हणायचे. रडायचं कसं, ते मला आठवत नव्हतं.

एका दुपारी कोळशाची तापलेली इस्त्री डाव्या हातावर टेकली, आणि मी हात काढलाच नाही. वास आला म्हणून हे धावत आले.

गोऱ्या डॉक्टरनं पट्टी बांधली, डोळ्यांत उजेड धरला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. आजाराचं नाव मेलँकोलिया, म्हणाला. मेंदू थकलाय, नर्व्ह थकल्यात. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ होता. त्यानं ब्रोमाइड नावाच्या औषधाची बाटली दिली आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागेल. घरी कोण गेलंय का, हे त्यानं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

ब्रोमाइड खारट असतं, ह्यांनी चाखून सांगितलं. मला नुसती झोप यायची. दिवसासुद्धा. हे माझ्याकडे बघायचे ते आता मला कुठं न्यावं लागणार, याच काळजीनं.

शेजारी आ-लान नावाची चिनी बाई उदबत्त्या विकायची. ती आम्हा दोघांना एका सिन्सेकडे, म्हणजे चिनी वैद्याकडे घेऊन गेली. म्हातारा होता. त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली आणि डोळे मिटून बराच वेळ नाडी बघितली. मग विचारलं, "कोण गेलं?"

ह्यांनी युसूफचं सांगितलं, आ-लाननं ते त्याला चिनीत सांगितलं. सिन्से म्हणाला, राग यकृतात राहतो, भीती मूत्रपिंडात, दुःख फुफ्फुसात. हिचं दुःख तिथवर पोचलेलंच नाही. एकच विचार घोळून घोळून पोटात त्याची गाठ झालीय.

आणि एकाएकी माझ्याकडे वळून, मला कळेल अशा साध्या मलायूत म्हणाला, "मुलगा तापात होता आणि तू झोपलीस. आईनं लक्ष दिलं असतं तर जगला असता."

मी उभी राहिले. "आरं मुडद्या! रातंदीस मांडीवर घिऊन बसल्याली मी त्येला! तू हुतास व्हय तितं? माझ्या लेकराबद्दल बोलू नगंस!" समोरचा काढ्याचा वाडगा उचलून मी भिंतीवर फेकला. काढा भिंतीवरून ओघळला. माझं बोलणं तिथं ह्यांच्याशिवाय कुणालाच कळलं नाही. हे तर त्याची मान धरायला पुढं झाले होते.

म्हातारा हात जोडून शांत उभा होता. "माफ कर," तो म्हणाला. "तू लक्ष दिलंस, हे मला ठाऊक आहे. ती गाठ रागानंच फुटते."

परत येताना भाजलेला हात ठणकायला लागला. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. हे शेजारी बसून राहिले.

पुढं डॉक्टरनं मला बघितलं आणि ब्रोमाइड लागू पडलं म्हणून खूश झाला. इस्पितळाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मी बरी झाले असं समजू नकोस. काही दिवस रडून झालं आणि ते बधीरपण परत आलं, फक्त पहिल्याइतकं पक्कं नाही. डॉक्टर आणि सिन्से, दोघांतला खरा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिकडं असते तर अम्मानं दर्ग्यात नेऊन धागा बांधला असता. पण तिकडं प्रत्येक झोपडीत कुणी ना कुणी गेलेलं. माझ्या एकट्या युसूफसाठी मला कोण डिवचणार होतं?

आता मला इथं दोन मुली आहेत. त्या मलायूत भांडतात, मी कोल्हापुरीत ओरडते. तू विचारतेस, घरी कधी येणार. दाजी दरवर्षी तिकिटाचा विषय काढतात आणि मीच टाळते. महाराजांनी गाव केवढं सुधारलंय, आपल्या झोपड्यांच्या जागी आता ऊस उभा आहे, हे तूच सांगितलंस. बघावंसं वाटतं. पण कोल्हापूरला उतरले, त्या उसासमोर उभी राहिले आणि मला काहीच वाटलं नाही, तर मग मी घर कशाला म्हणू?